सोनखत आणि कोरडवाहू गाव



आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नाही, अशी आपल्याकडची समजूत आहे. पंगतीत तर तो चुकूनही निघत नाही. परंतु मराठी भाषेने मात्र या विषयाला कधी नाक मुरडलेले नाही. जनावराच्या शेणापासून होते ते शेणखत, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांपासून होते ते लेंडीखत आणि मनुष्याच्या मैल्यापासून होते ते सोनखत. तिन्ही खतांना नावे देताना शेतकऱ्याने सोन्याची उपमा कोणत्या खतासाठी राखून ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. शब्द टिकला, व्यवहार मात्र सुटला. तो का सुटला आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो नव्या, निर्मळ रूपाने पुन्हा आणता येईल काय, याचा विचार आज करायचा आहे.

बीड जिल्ह्याची प्रकृती येथे बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. उत्तरेला गोदावरीचा काठ, मधून बालाघाटाची रांग, मांजरा आणि सिंदफणा या दोन नद्या, आणि पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बाजूला मुरमाड, उथळ जमीन. पाऊस बेभरवशाचा. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे आणि लातूर शहर त्याच धरणावर अवलंबून आहे. धरण आटले तेव्हा काय झाले, ते सर्वांनी पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. रेल्वेच्या वाघिणी भरून आलेल्या पाण्याची छायाचित्रे देशभर छापून आली. त्या पाण्याचा एक भाग शहरातल्या घरोघरच्या संडासांत ओतला गेला असणार, हे मात्र कोणी लिहिले नाही. पिण्यायोग्य पाणी शेकडो किलोमीटर वाहून आणावयाचे आणि त्यातलेच मैला वाहून नेण्यासाठी खर्ची घालावयाचे, या व्यवस्थेला आपण आधुनिक म्हणतो.

खेड्यात टाकी-नळाचा संडास थोड्यांकडे. बहुतेक ठिकाणी डब्याने पाणी ओतण्याचा. त्याला एका वेळी दोन-तीन लिटर पाणी पुरते. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा-पंधरा लिटर, म्हणजे जवळपास एक हंडा. शहरी माणसाला हा हिशेब क्षुल्लक वाटेल. पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत रांगेत बसलेल्या माउलीला तो हंडा क्षुल्लक नाही, कारण तो तिच्याच डोक्यावरून येतो. १८ एप्रिल २०१८ रोजी राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे घोषित झाले. घरोघरी बारा हजार रुपयांच्या अनुदानातून संडास उभे राहिले, ही गोष्ट मोठी आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि चैत्र-वैशाखात पाणी संपले की त्यातल्या काही संडासांत तुरीच्या काड्या, गोवऱ्या, सरपण दिसू लागते आणि माणसे पुन्हा ओढ्याकाठी जातात. लोक आळशी आहेत म्हणून हे घडते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पाण्याशिवाय न चालणारे साधन कोरड्या मुलखात दिले, हे त्यामागचे कारण पाहणे थोडे अवघड आहे.

या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात पूर्वी कोणी केला नव्हता, असे मुळीच नाही. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१), यांना कोकणचे गांधी म्हणत. उच्चविद्याविभूषित, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक असलेला हा मनुष्य. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली ती अधिक पुस्तकांची किंवा बऱ्या जेवणाची नव्हे. तुरुंगातले भंगीकाम आपल्याला करू द्यावे, ही. तुरुंगाच्या रिवाजानुसार सवर्ण कैद्याला ते काम देता येत नव्हते. अप्पासाहेबांनी अन्नत्याग सुरू केला. येरवड्याला कैदेत असलेल्या गांधीजींनी डिसेंबर १९३२ च्या आरंभी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण मांडले आणि सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते थांबवले. मैला उचलण्याचा अधिकार मिळावा म्हणून ब्राह्मण घरातल्या माणसाने उपाशी राहावे, हा प्रसंग आपल्या सामाजिक इतिहासात जेवढा सांगितला जावयास हवा तेवढा सांगितला जात नाही.

अप्पासाहेब केवळ उपोषण करून थांबले नाहीत. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. तेथे मृत जनावरांच्या कातड्याचे काम, शेती आणि सफाई एकत्र नांदत होती. अस्पृश्यतेचे एक मूळ त्या कामाच्या स्वरूपात आहे, हे त्यांनी ओळखले होते. मैला ताजा असताना, ओला असताना, दुर्गंध येत असताना तो दुसऱ्याच्या हाताने उचलवून घ्यावयाचा, म्हणून उचलणारा दूर ठेवला जातो. मग संडासच असा का बांधू नये की मैला हातात येण्यापूर्वी त्याची मातीच झालेली असेल? या विचारातून गोपुरी पद्धतीचा संडास घडला. जमिनीच्या वर हौद, त्यात मैल्यावर कोरडा पाला आणि माती, एक हौद भरला की तो झाकून दुसरा वापरावयाचा, आणि मधल्या काळात पहिल्यातल्या मैल्याचे खत होऊ द्यावयाचे. १९५० च्या दशकात त्यांनी संडास गोबर गॅसला जोडण्याचाही प्रयोग केला. सेनापती बापटांनी पारनेरच्या रस्त्यांवर झाडू धरला, गाडगेबाबांनी तर आयुष्यभर खराटा खाली ठेवला नाही. अप्पासाहेबांनी त्या खराट्याला स्थापत्याची जोड दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांचा वारसा चालवला तो एका डॉक्टरने. सुहास विठ्ठल मापुसकर हे तरुण वैद्यकीय अधिकारी १९६० च्या आगेमागे देहूला आले. तुकोबांचे गाव, इंद्रायणीचा काठ, वारकऱ्यांची वर्दळ. आणि गावात संडास जवळपास नाहीच. दवाखान्यात येणारे रोगी जंत, हगवण, कावीळ यांचेच. औषध द्यावे, रोगी बरा व्हावा आणि काही आठवड्यांनी तोच पुन्हा दारात उभा राहावा. औषधाच्या बाटलीपेक्षा संडासाची चौकट अधिक गुणकारी आहे, हे त्यांना उमगले. प्रारंभी बांधलेले काही संडास पावसाळ्यात टिकले नाहीत. गावकरी हसले असतील. डॉक्टर हटले नाहीत. अप्पासाहेबांच्या कामाशी त्यांनी नाते जोडले, सुधारित रचना आणल्या आणि पुढे मैल्यापासून वायू निर्माण करणारे ‘मलप्रभा’ संयंत्र विकसित केले. संडासातला मैला बंद टाकीत हवेविना कुजतो, वायू चुलीला जातो आणि उरलेला राबडा शेतात. देहूतल्या कित्येक घरांच्या स्वयंपाकघरात या वायूवर अन्न शिजले. वारकऱ्यांच्या गावात हे घडले, हे विशेष. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना तेथे दुबळ्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. मापुसकरांनी देहूला जी संस्था उभी केली तिला नाव दिले अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन. २०१५ साली ते गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

कोकणात पाऊस उदंड, देहूला नदी. बीडला यातले काही नाही. वायुसंयंत्राला पाणी लागते. शोषखड्ड्यांच्या संडासाला पाणी तर लागतेच, शिवाय जमीनही सोयीची लागते. गोदाकाठच्या काळ्या चिकणमातीत पाणी लवकर मुरत नाही. डोंगरपट्ट्यात दोन हातांवर खडक लागतो आणि त्याच्या भेगांतून घाण पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकते. म्हणून या भूमीला सोयीचा तो गोपुरीच्याच कुळातला, परंतु पुढच्या पिढीचा कोरडा संडास. जगभर त्याला इकोसॅन म्हणतात. कल्पना साधी आहे. मूत्र आणि मैला एकमेकांत मिसळू द्यावयाचे नाहीत. दुर्गंधी आणि माश्या हा बहुतांशी त्या मिश्रणाचा परिणाम असतो.

भांडे तीन भागांचे असते. पुढच्या भागातून मूत्र नळीने बंद कॅनमध्ये जाते, मधल्या छिद्रातून मैला खालच्या हौदात पडतो, आणि मागच्या बाजूला धुण्याची वेगळी जागा असते, कारण आपण कागद वापरणारे लोक नव्हेत. ते धुण्याचे पाणी अळू किंवा केळीच्या वाफ्याला सोडावयाचे. प्रत्येक वापरानंतर हौदात ओंजळभर राख टाकावयाची. चुलीच्या राखेने ओल शोषली जाते आणि मैल्यातला क्षार वाढून रोगजंतू मरतात. घरोघरी गॅस आल्याने राख कमी पडत असेल, तर कोरडी माती, भुसा, थोडा चुना चालतो. दोन हौद जमिनीच्या वर बांधलेले. एक भरला की लिंपून बंद करावयाचा आणि भांडे दुसऱ्यावर वापरावयाचे.

आता आरोग्याचा मुद्दा. त्यात सैलपणा चालत नाही. जंताची अंडी मोठी चिवट असतात. सगळे जंतू मेले तरी ती मागे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उष्ण प्रदेशात, म्हणजे २० ते ३५ अंश तापमानाला, कोरडा मैला वर्षाहून अधिक काळ बंद राहिला पाहिजे. मूत्र बंद कॅनमध्ये २० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला सहा महिने साठवले की ते कोणत्याही पिकाला देता येते. काढणीपूर्वी महिनाभर देणे थांबवावयाचे. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला सोनखत घालण्याचा मोह टाळलेलाच बरा. बीडमध्ये तशी गरजही नाही. कापूस आहे, चाऱ्याचे कडवळ आहे, बालाघाटातले सीताफळ आहे, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कापूस कोणी खात नाही आणि सीताफळ जमिनीला टेकत नाही; सोनखताचा आरंभ करावयास याहून निर्धोक पिके शोधून सापडणार नाहीत.

मूत्र पानांवर शिंपडावयाचे नाही. बुंध्यापासून वीतभर दूर चर ओढून त्यात ओतावयाचे आणि लगेच मातीने झाकावयाचे, नाहीतर नत्र अमोनियाच्या वासाबरोबर उडून जाते. उभ्या पिकाला देताना त्यात तीन ते दहा पट पाणी मिसळण्याची रीत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने एवढे पाणी कोठून आणावे, हा प्रश्न रास्त आहे; त्याने ते पावसाच्या तोंडावर किंवा वाफसा असताना द्यावे. मूत्रात मीठ असते, हेही विसरून चालणार नाही. जी जमीन आधीच खारवट आहे तेथे हात आखडता ठेवलेला बरा.

यात पैसा किती वाचतो, याविषयी उत्साहाच्या भरात मोठमोठे आकडे सांगितले जातात. ते टाळावेत. भारतीय आहाराचा विचार करून केलेल्या एका अंदाजानुसार एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला पावणेतीन किलोच्या आसपास नत्र मिळते, त्याचा फार मोठा भाग मूत्रातून. पाच माणसांच्या घराचे झाले साडेतेरा किलो. ४५ किलो युरियाच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असते. म्हणजे काही वाया गेले नाही असे धरले तरी हे दोन-तृतीयांश गोणीहून कमीच. आणि अनुदानामुळे ती गोणी स्वस्त पडते. केवळ युरिया वाचवण्यासाठी कोणी संडास बांधणार नाही. परंतु सोनखतात स्फुरद आहे, पालाश आहे आणि युरियाच्या गोणीत कधीच नसणारा सेंद्रिय अंश आहे. बालाघाटाच्या हलक्या जमिनीला भूक आहे ती त्या सेंद्रिय अंशाची, कारण शेण गोवरीत जाते आणि जनावरे दर दुष्काळात कमी होतात.

सर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला राहून कंपोस्टची जी पद्धत बसवली ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. आपल्या खेडुतांकडून शिकलो, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले होते. बंगलोरला डॉ. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास शहरी कचरा आणि मैला एकत्र मुरवण्याची रीत दिली. लडाखमध्ये तर घराच्या वरच्या मजल्यावरचा कोरडा संडास आणि वसंतात शेतात जाणारे त्याचे खत ही जुनी वहिवाट आहे. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील मुसिरी येथे ‘स्कोप’ या संस्थेने असे संडास गावोगाव बांधले. सार्वजनिक संडास वापरणाऱ्याला पैसे मागण्याऐवजी उलट पैसे देण्याचा गमतीदार प्रयोगही तेथे झाला. खत मौल्यवान असेल तर त्याचा पुरवठा करणाऱ्याला मोबदला का नको, हा त्यातला तर्क.

अपयशेही सांगितली पाहिजेत. दक्षिण आफ्रिकेत दरबान शहराच्या महापालिकेने भोवतालच्या खेड्यांत असे हजारो कोरडे संडास बांधून दिले. बांधकाम उत्तम होते. परंतु अनेक कुटुंबांना हौद रिकामा करणे नकोसे वाटले आणि पाण्याचा संडास असणाऱ्याला मान, कोरडा असणाऱ्याला कमीपणा, अशी भावना राहिली. आपल्याकडेही याहून वेगळे होणार नाही. पाहुणा आला आणि सवयीने तांब्याभर पाणी मधल्या छिद्रात ओतून गेला की आठ दिवसांत हौदात अळ्या पडतात. लहान मुलांना बसण्याची जागा नीट कळत नाही. पहिले सहा महिने कार्यकर्त्याने घरी जाऊन, संकोच न धरता, भांडे डोळ्यांनी पाहिले नाही, तर संडासाची कोठी होते.

आणि आता या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न. हौद उघडणार कोण?

या देशात मैल्याला जात चिकटलेली आहे. १९९३ साली मैला वाहण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा कायदा झाला. २०१३ साली त्याहून कडक कायदा आला. त्या कायद्यात अस्वच्छ संडास कोणता, याची व्याख्या दिली आहे: ज्यातला मैला पूर्णपणे कुजून जाण्याआधीच माणसाला हाताने काढावा लागतो, तो. व्याख्येतील ‘पूर्णपणे कुजण्याआधी’ ही अट अप्पासाहेबांच्या विचाराशी नेमकी जुळते. वर्षभर लिंपून ठेवलेल्या हौदातून निघते ती भुसभुशीत, वास नसलेली माती. परंतु ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्या डोक्यावरून पाटी वाहण्यात गेल्या, त्याला ‘आता हे खत झाले आहे, ये आणि काढ’ असे सांगणे हा कायद्याचा नव्हे तरी माणुसकीचा भंगच. सोनखताचा गौरव करताना तो त्या पाटीचा गौरव होणार नाही, याचे भान सुटता कामा नये. ज्या वाड्यावर रोजगार देऊन एका विशिष्ट वस्तीतला माणूस हौद उपसायला बोलावला जाईल, त्या वाड्यावर हा संडास न बांधलेलाच चांगला. गावोगावच्या सेप्टिक टाक्यांची स्थिती काही वेगळी नाही: टाकी बांधणारा ऐपतदार, तिच्यात उतरून जीव धोक्यात घालणारा भलताच कोणी, आणि उपसलेला मैला नाल्यात.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेविपल्ली या गावी केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः शोषखड्ड्यात उतरले आणि त्यांनी कुजून तयार झालेले खत हाताने बाहेर काढले. दिल्लीच्या सचिवाने खड्ड्यात उतरल्यावर पुष्कळ गावांत जे बोलून झाले नव्हते ते पाहून झाले. बीडमध्ये हे काम ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्याने, आणि आपल्याच घरचा हौद उघडून, केले पाहिजे. कीर्तनकार, माजी सरपंच, शाखेचा मुख्यशिक्षक, शाळेचे गुरुजी. दुसऱ्याच्या हौदापाशी उभे राहून छायाचित्र काढून घेणे सोपे असते.

जिल्ह्याचे आणखी एक वास्तव आहे, ते म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षातले पाच-सहा महिने हे कुटुंब गावात नसते. त्यामुळे हौद सावकाश भरतो आणि बंद हौदाला मुरावयास अवधी सहज मिळतो. गावातल्या घरापुरता हा संडास कोयत्याच्या कुटुंबाला सोयीचाच आहे. पण फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या त्या बाईला पहाटे अंधारात उसाच्या फडातच जावे लागते, दिवसभर पाणी कमी प्यावे लागते. २०१९ साली राज्यात नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याची कारणे अनेक आहेत. त्यात मजुरी बुडण्याची भीती आहे, अज्ञान आहे, काही डॉक्टरांचा लोभ आहे. परंतु अस्वच्छता आणि आडोशाचा अभाव हा त्या बाईच्या रोजच्या दुखण्याचा भाग आहे, हे नाकारता येणार नाही. टोळीबरोबर हलवता येईल असा, दोन ड्रम आणि एक भांडे एवढाच पसारा असलेला कोरडा संडास तळावर लावणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. फडाचे मालक आणि कारखाने यांनी ते मान्य करावे, यासाठी मात्र कोणीतरी त्यांच्या दाराशी गेले पाहिजे. ड्रम भरल्यावर तो कोणी हलवावयाचा, हा प्रश्न तेथेही पहिल्याच दिवशी ठरवावा लागेल.

कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी ज्या दीनदयाल शोध संस्थानाची उभारणी केली, त्याचे कृषी विज्ञान केंद्र याच जिल्ह्यात अंबाजोगाईला आहे. मातीचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा, शेतकऱ्यांना ओळखणारे तज्ज्ञ, प्रात्यक्षिकाचे प्लॉट ही सामग्री अशा केंद्रांपाशी असते. दोन सऱ्या सोनखताच्या, दोन शेणखताच्या, दोन युरियाच्या, असे कपाशीचे साधे प्रात्यक्षिक शेतकऱ्याला चार भाषणांपेक्षा लवकर पटेल. खताचा नमुना जंताच्या अंड्यांसाठी तपासून घ्यावा आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो गावात वाचून दाखवावा.

आरंभ लहान असावा. एका गावात पाच घरे पुरेत, तीही स्वतःची शेती असलेली, म्हणजे खत कोठे जाणार हा प्रश्न राहत नाही. बांधकाम पावसाळ्यापूर्वी व्हावे, हौदाचे दार दक्षिणेला असावे म्हणजे त्यावर ऊन पडेल, आणि पाया जमिनीपासून हातभर उंच असावा म्हणजे पुराचे पाणी आत शिरणार नाही. घरातल्या सुनेला आणि सासूला भांडे आधी दाखवावे, पुरुषांना मागाहून. राख कोणत्या डब्यात राहणार, हे त्याच ठरवणार आहेत. यंदाच्या दिवाळीला वापर सुरू झाला तर पहिला हौद पुढच्या दिवाळीच्या आसपास भरेल. तो लिंपून टाकावयाचा आणि त्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहावयाची. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ त्याला हात लावावयाचा नाही. म्हणजे त्यातले खत शेतात पडेल ते तिसऱ्या वर्षीचा उन्हाळा सरताना, नांगरणी झालेल्या रानात, मृगाच्या आधी.